कोणाकडे उतरलात?

गल्लीतले एक काका-काकू मागे काश्मीर करून आले. ‘करून आले’ हा शब्द त्यांचाच. हल्ली आपण मुलूख पाहत नाही, करतो. केरळ केलं, राजस्थान केलं, राहिलेलं अंदमान दिवाळीत करून टाकू. धुणीभांडी उरकावीत तसं. काकांना विचारलं, कसं झालं? म्हणाले, “एक नंबर! रोज सकाळी पोहे, रात्री पिठलं-भाकरी. एके दिवशी तर त्यांच्या आचाऱ्याने शेवभाजी केली, तीही आपल्यासारखी तर्रीवाली. पहलगामला, बोला!” तिथल्या कोणाशी काही बोलणं झालं का, असं विचारल्यावर काका विचारात पडले. मग आठवून म्हणाले, घोडेवाल्याशी भावावरून वाजलं होतं.

मी हसलो खरा, पण माझ्या फिरण्याचा हिशोब याहून फार वेगळा निघेल असं वाटत नाही. फोनमध्ये शेकड्यांनी फोटो आहेत. त्या गावांतल्या एकाही माणसाचं नाव सांगता येणार नाही.

माझे वडील असते तर त्यांनी काकांना निराळाच प्रश्न विचारला असता. परगावाहून कोणी परतला की त्यांचा पहिला सवाल ठरलेला: कोणाकडे उतरला होतात? घरच्यांसाठी तोच अहिराणीत, “कोना घर उतरना व्हता रे भो?” काय पाहिलं, काय खाल्लं, किती खर्च आला, हे सगळं नंतर. आधी माणूस. हा प्रश्न आता आपल्या बोलण्यातून जवळपास गेला, त्याच्या जागी ‘कुठे उतरलात?’ आला. ‘कोणाकडे’चं उत्तर एखादं घर असतं, ‘कुठे’चं उत्तर हॉटेल. मराठी माणसाच्या प्रवासात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत काय बदललं, हे मला या एका शब्दाच्या अदलाबदलीत दिसतं.

प्रवासाच्या तत्त्वज्ञानावर आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं जातं. माणूस घर सोडतो, अनोळखी जगात स्वतःला शोधतो, दृष्टी मोठी होते, वगैरे. खोटं काही नाही त्यात. पण हे सगळं जाणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं असतं, आणि जाणारा बहुधा खिशात परतीचं तिकीट असलेला. माझं म्हणणं असं की प्रवासाला दोघं लागतात, एक जाणारा आणि दुसरा त्याला उतरवून घेणारा. दुसरा काढून टाकला की इकडून तिकडे पोचतं ते पार्सल. हे एकदा मान्य केलं की प्रवासाचा अर्थ शोधायला हिमालयात जावं लागत नाही. आपल्या गावात परका माणूस संध्याकाळी आला तर त्याचं काय होतं, एवढं पाहिलं तरी पुरतं.

काय होतं ते सांगतो. एका देवस्थानाच्या गावी कामानिमित्त मुक्काम पडला. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. भक्तनिवासाच्या खिडकीतला मुलगा रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाला, “किती जण?” म्हटलं, एकटाच. तेव्हा मान वर झाली. “एकट्याला खोली देत नाही. नियम आहे.” आधार कार्ड दाखवलं, डोक्यावरचे पांढरे केस दाखवले. नियम कशासाठी, तर एकटा माणूस खोलीत जिवाचं काही बरंवाईट करून घेईल आणि पोलिसांचं झेंगट मागे लागेल. “फॅमिली घेऊन या,” म्हणाला. रात्री साडेनऊला फॅमिली कुठून आणू? त्याच्या मागच्या भिंतीवर ‘अतिथी देवो भव’ रंगवलेलं होतं. अतिथी शब्दाची जुनी फोड अशी की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. त्या हिशोबाने आठ दिवस आधी मोबाइलवरून खोली धरून येणारा अतिथी नव्हेच, गिऱ्हाईक. आणि खरा अतिथी, न कळवता आलेला एकटा माणूस, तो संशयित. मी ती रात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढली. मुलावर राग नाही. बाक बरा होता.

आपल्या भाषेला ही गोष्ट चांगली ठाऊक होती. प्रवास हा शब्द निवास, सहवास, वनवास यांच्या घरातला, ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूचा. मूळ अर्थात चालणं नाहीच, घरापासून दूर जाऊन राहणं आहे. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, जिथून पाय टाकून पैलतीर गाठता येतं ती जागा. तापी आडवी वाहते त्या मुलखात हे समजावून सांगावं लागू नये. अजिंठ्याच्या लेण्यात विहार म्हणजे भिक्षूंनी राहायची जागा. पण जळगावकडच्या रस्त्यांवर पहाटे अनवाणी चालत जाणारे जैन मुनी दिसतात, तेही ‘विहार’च करत असतात. थांबणं आणि चालणं, दोन्हीला एकच शब्द. बौद्ध भिक्षू पावसाळ्यात वर्षावासासाठी एका जागी राहत, बाकीचे महिने हिंडत. हिंडणाऱ्याला टेकायला जागा हवी, म्हणून तर लेण्यांत इतक्या खोल्या. आज त्या खोल्यांतून आपण अर्ध्या तासात बाहेर पडतो आणि फर्दापूरच्या बसची रांग धरतो. १८१९ मध्ये शिकारीच्या नादात तिथे पोचलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. आपल्या भागातला पहिला आधुनिक पर्यटक म्हणून त्याचा मान आहे. सवयही तेव्हापासूनची.

आणखी एक शब्द मला फार आवडतो, तो म्हणजे मावंदं. काशीहून परतलेल्याने मावंदं घालायचं, म्हणजे आणलेल्या गंगेची पूजा करून गावाला जेवू घालायचं. तोवर यात्रा पुरी झाली असं कोणी धरत नसे. रस्त्यात ठिकठिकाणी दुसऱ्याचं खाऊन आलेल्या माणसाने घरी येऊन ती परतफेड करायची, पण ज्यांचं खाल्लं त्यांची नव्हे, तिसऱ्याच कोणाची. हा हिशोब कुठल्याही वहीत मांडता येत नाही आणि तरी तो चुकता होतो.

आता पोस्टरवाल्या तत्त्वज्ञानाकडे येतो. टूर कंपनीच्या ऑफिसात, ट्रेकवाल्यांच्या टी-शर्टवर, शाळेच्या सहलीच्या बॅनरवर हटकून एक वचन असतं: चरैवेति. चालत राहा. बसलेल्याचं भाग्य बसतं, उभ्याचं उभं राहतं, चालणाऱ्याचं चालू लागतं. सुंदरच आहे ते. पण ते कोणी कोणाला आणि कुठल्या प्रसंगी सांगितलं, हे बॅनरवर मावत नाही. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली कथा आहे. हरिश्चंद्राने मुलासाठी वरुणाला नवस केला, मुलगा झाला तर तोच तुला बळी देईन. मुलगा झाला, रोहित. बाप आज देतो, उद्या देतो करत राहिला. मुलगा हाताशी आला, त्याला हे कळलं, आणि तो धनुष्य घेऊन रानात पळाला. वर्षभराने घराकडे वळला की इंद्र ब्राह्मणाच्या रूपात वाटेत आडवा यायचा आणि म्हणायचा, चालत राहा. असं पाच वेळा झालं. म्हणजे जगप्रसिद्ध प्रवासमंत्र सांगितला गेला तो जीव वाचवायला पळणाऱ्या एका पोराला.

कथा तिथे संपत नाही. सहाव्या वर्षी रोहिताला रानात अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटतो. त्याला तीन मुलगे. रोहित म्हणतो, शंभर गाई देतो, एक मुलगा दे, माझ्याऐवजी त्याचा बळी जाईल. थोरला बाप सोडत नाही, धाकटा आई सोडत नाही. मधला शुनःशेप विकला जातो. बळीच्या खांबाला बांधायला कोणी तयार होईना, तेव्हा बापच आणखी शंभर गाईंवर ते काम करतो. एकाचं भाग्य चालू लागलं, तेव्हा दुसऱ्याची शंभर गाईंना विक्री झाली. पुढे शुनःशेप देवांची स्तुती करून सुटतो, बाप परत बोलावतो, पण तो जात नाही. विश्वामित्र त्याला मुलगा म्हणून ठेवून घेतो. या कथेत खरा प्रवास कोणाचा झाला, सहा वर्षं हिंडलेल्या रोहिताचा की विकला जाऊन नव्या घरी पोचलेल्या शुनःशेपाचा? मी शुनःशेपाला मत देतो.

हा शुनःशेप पाहायचा असेल तर दिवाळी झाल्यावर तापी लाइनच्या गाडीत बसून नवापूरला उतरावं. गमतीदार स्टेशन आहे. प्लॅटफॉर्मचा एक तुकडा महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. हद्दीवर एक बाक आहे, अर्धा या राज्यात आणि अर्धा त्या. येणारे-जाणारे त्यावर बसून फोटो काढतात, एक पाय महाराष्ट्रात, एक गुजरातेत. दिवाळीनंतर त्याच फलाटावर नंदुरबार-धुळ्याकडची माणसं दिसतात. गोणीत भांडी, वळकटी, कोंबडी, कडेवर मूल. काही ट्रकमधून जातात. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला निघालेली ही मंडळी. तिथल्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला चार-सहा महिने उसाच्या फडाशेजारी पालात राहायचं. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मीठ-मिरचीचे पैसे सुटतात. मूल तिथेच मोठं होतं.

बाकावर बसून फोटो काढणाऱ्याने हद्द ओलांडली आणि कोयत्यानेही ओलांडली. सरकारी भाषेत पहिला पर्यटक, दुसरा स्थलांतरित. पहिल्यासाठी राज्याला पर्यटन धोरण असतं, दुसऱ्यासाठी फार तर एखादा सर्व्हे. पण प्रवासाची आपण जी लक्षणं सांगतो ती कोणाला लागू पडतात ते बघा. घर सोडलं, परकी भाषा शिकली, अनोळखी माणसाच्या भरवशावर राहिला, बदलून परत आला. सगळी कोयत्याला लागू पडतात. गुजरातीत भाव करता येतो, मराठीत पोराचं शाळेत नाव घालता येतं, घरी भिलोरी किंवा मावची बोलतो. त्याच्याइतकं बहुभाषिक माझ्या ओळखीतलं कोणी नाही. तरी प्रवासवर्णन त्याचं नसतं. त्याला उतरवून घेणारा कोणी नसतो, इतकंच.

इथे कोणी म्हणेल की हे गरिबीचं दुखणं आहे, तत्त्वज्ञानाचं काय त्यात? मला हे दोन वेगळे कप्पे वाटत नाहीत, आणि का ते सांगायला चाळीसगावच्या स्टेशनवर उतरावं लागेल. त्या एका स्टेशनाने मला प्रवासाविषयी जेवढं शिकवलं तेवढं कोणी नाही. खरं तर मी अमळनेरचा, आमच्या गावात तत्त्वज्ञानाला १९१६ पासून स्वतःची इमारत आहे. प्रताप शेठजींनी उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे बंगालचे तत्त्वचिंतक येऊन राहिले, कोकणातले साने गुरुजी तिथे शिकायला म्हणून आले आणि आमचेच होऊन गेले. पण चाळीसगावचं निराळंच.

तिथे केकी मूस राहत. विलायतेत शिकून, जग पाहून परतलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या घरात शिरला आणि १९८९ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं, अगदी मोजके अपवाद सोडले तर बाहेर पडला नाही. घरातल्या टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्याने अशी छायाचित्रं काढली की त्यांना देशोदेशीची बक्षिसं मिळाली. स्वतः उंबऱ्याच्या आत, चित्रं जगभर. न हिंडताही जग कळतं याचा दाखला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ते ठीकच. मला मात्र त्यांच्याविषयी गावात सांगितली जाणारी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कोणीतरी प्रिय व्यक्ती पंजाब मेलने येईन म्हणाली होती. म्हणून मेलच्या वेळेला घरात दिवे लागत, दार उघडलं जाई, दोघांचं जेवण तयार ठेवलं जाई. रोज. गाडी निघून गेली की दार लावायचं. किती खरं, किती गावाने घातलेली भर, देव जाणे. पण गावाला ती सांगाविशी वाटते, यात काहीतरी आहे. पन्नास वर्षं एकाच जागी राहिलेला माणूस रोज रात्री प्रवासाचं निम्मं काम करत होता, येणाऱ्याची तयारी. निम्मं काम करणारी माणसं अशीच अदृश्य असतात. आमच्या आयांना विचारा.

आणि याच स्टेशनवर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले होते. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती, तिचे सदस्य म्हणून ते खान्देशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावी बहिष्काराचं प्रकरण होतं. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी आग्रह धरला होता, आजची रात्र आमच्याकडे. ते हार घेऊन स्टेशनवर उभे. वस्ती दोन मैलांवर, मध्ये नदी आणि तिच्यावर कठडा नसलेला फरशी पूल. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ, पण तास झाला तरी निघायचं नाव नाही. कारण नंतर कळलं. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. अखेर तोड निघाली, टांगा भाड्याने घ्या, हाका तुमचा तुम्ही. ज्याने लगाम हाती घेतला त्याला सवय नव्हती. फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली पात्रात. पायाला जबर दुखापत झाली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. चालत नेलं असतं तर काहीच झालं नसतं, पण आपल्या पाहुण्याने पायी येणं वस्तीला त्याच्या मानाला शोभणारं वाटलं नाही.

न्यूयॉर्क, लंडन पाहून आलेल्या माणसाला चाळीसगावचे दोन मैल धडपणे पार करता आले नाहीत. अडलं कुठे ते नीट पाहायला हवं. गाडीने त्यांना धुळे लाइनवर नेलं आणि परत आणलं. उतरवून घ्यायला माणसं तयार होती, हार घेऊन. मधला रस्ता नव्हता. म्हणून ‘कोणाकडे उतरलात?’ या वडिलांच्या प्रश्नाबद्दल मी वर जे हळवं होऊन लिहिलं, त्यातलं अर्धं इथे परत घेतो. त्या प्रश्नाच्या पोटात ‘कोणाचे?’ हा दुसरा प्रश्न असायचाच. गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, मग ओट्यावर बसवायचं की अंगणात ते ठरायचं. जुनं आतिथ्य उदार होतं ते आपल्यातल्यांपुरतं. कित्येकांसाठी गावोगावच्या लॉजचा कळकट काउंटर हीच पहिली मोकळी जागा ठरली, कारण तिथे पैसे दिले की किल्ली मिळते.

तिकिटाचं मोल मला इथे कळतं. तिकीट जात विचारत नाही. खिडकीत पैसे सरकवले की कोणीही कोणाच्याही शेजारी बसतो. घरांनी जे केलं नाही ते बाकाने केलं. म्हणून आज ‘उतरवून घेणारा’ कोण असं विचारलं तर माझं उत्तर घर नाही. एसटी स्टँड, पॅसेंजर गाडी, फलाटावरचा नळ, रात्री अकराला उघडं असलेलं स्वच्छतागृह, हे आता आपलं सामाईक घर आहे. समाजाचं प्रवासाविषयीचं तत्त्वज्ञान ग्रंथात शोधू नये, स्टँडच्या मुतारीत शोधावं. आमच्याकडच्या बहुतेक मुताऱ्या पाहता ते अजून लिहायचं आहे.

उलट जे होतं तेही आपण काढून घेत आलो. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटरची नॅरोगेज धावायची, सगळे तिला पीजे म्हणत. तिची चाल अशी की धावत्या गाडीतून उतरून शेतातली ओळखीची माणसं गाठावीत. २०२० मध्ये करोनात थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज होणार आहे, होऊ दे, पण मधल्या वर्षांत त्या गावांच्या बाजारहाटाचं, दवाखान्याचं काय झालं याची चर्चा कुठल्या पर्यटन परिषदेत होत नाही. करोनानंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेस म्हणून किमान भाडं १० रुपयांवरून ३० केलं गेलं. वेग तोच, डबे तेच. २०२४ मध्ये पुन्हा १० झालं. मधली तीन-चार वर्षं दोन स्टेशनांपलीकडे कामाला जाणाऱ्या बाईने ३० मोजले किंवा जाणंच बंद केलं.

याच्या अगदी उलट एक निर्णय झाला, आणि माझ्या मते प्रवासाविषयी महाराष्ट्रात अलीकडे झालेला तो सगळ्यात तात्त्विक निर्णय होता. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. त्यावर पुरुषांची कुरकुर अजून ऐकू येते. “बायका काही काम नसताना उगाच फिरतात.” एसटीच्या तोट्याचा मुद्दा मी समजू शकतो, त्यावर वाद घालावा. पण ‘उगाच फिरतात’ हा आरोप ऐकला की मला टाळी वाजवावीशी वाटते. उगाच फिरणं यालाच तर इतकी शतकं तत्त्वज्ञ प्रवास म्हणत आले! पुरुष उगाच फिरला तर फिरस्ता, मुशाफिर, अवलिया. बाई उगाच फिरली तर तिकिटाचा गैरवापर.

आमच्या वहिनी बावन्न वर्षांच्या. तिशीपासून त्यांचे प्रवास ठरलेले होते, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेर, श्रावणात कानबाईच्या रोटाच्या सणाला सासर, चैत्रात वणीचा गड, बाकी लग्नं आणि मयती. प्रत्येक प्रवासाला कारण, प्रत्येक कारणाला एक पुरुष सोबत. अर्धं तिकीट झाल्यावर त्या आणि त्यांची एक मैत्रीण महिन्यातून एकदा निघू लागल्या. एकदा शिरपूर, एकदा चोपड्याहून पुढे उनपदेवचं गरम पाणी. दादांनी विचारलं, काय काम होतं? वहिनी म्हणाल्या, “काही नाही. पाहून आले.” इतकंच. एका फेरीत बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या घरी त्या दोघी जेवून आल्या. कोण, कुठली, जात कोणती, विचारलं का, असं दादांनी विचारलं. वहिनींनी सांगितलं, वांग्याचं भरीत होतं आणि कळण्याची भाकरी. काश्मीर करून आलेल्या काकांच्या प्रवासापेक्षा हा प्रवास लांबचा होता असं माझं ठाम मत आहे.

पर्यटन विकास हा आता प्रत्येक आमदाराच्या तोंडी असलेला शब्द आहे. तोरणमाळला काहीतरी करा, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला काहीतरी करा, पाटणादेवीला काहीतरी करा. ‘काहीतरी’ म्हणजे कमान, रंगीत दिवे आणि ‘आय लव्ह’ अशी इंग्रजी अक्षरं. मी त्याच्या विरोधात नाही. चहाच्या टपऱ्या चालतात, पोरांना काम मिळतं. पण प्राधान्य चुकतंय. वणीच्या वाटेवर चैत्रात बघा. खान्देशातून पायी निघालेल्या लोकांसाठी गावोगावी मांडव, थंड पाणी, साबुदाण्याची खिचडी, कोणी तर पाय चेपून देतं. वारीतही तेच, मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघालेल्या मुक्ताबाईंच्या पालखीला इतक्या लांबच्या पल्ल्यात भाकरीची चिंता पडत नाही. म्हणजे उतरवून घ्यायची कला आपण विसरलेलो नाही. झेंडा हातात असेल त्याला आपण ती दाखवतो. त्याच रस्त्याने साक्रीकडचा ठेलारी, म्हणजे भटका मेंढपाळ, मेंढ्या घेऊन निघाला की त्याला हॉर्न आणि शिव्या. त्याची वाट त्या रस्त्यापेक्षा जुनी आहे, पण तिच्यावर ना पाण्याचा हौद, ना मुक्कामाची जागा. कोयत्यासाठी नवापूरला एखादी शेड, पाळणाघर, रात्री उघडी राहणारी खोली, एवढं झालं तर मी त्याला पर्यटन विकास म्हणायला तयार आहे. पर्यटक सेल्फी काढून जाईल. हे लोक दरवर्षी येणारच आहेत.

मागच्या हिवाळ्यात गावी शेतावर गेलो होतो. शेत बटाईने दिलंय, घराची मागची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली, भाऊ पुण्याला. कापूस उपटून झालेल्या रानात ठेलाऱ्यांचा कबिला उतरला होता. बटाईदाराने खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, रात्रीच्या हिशोबाने धान्य ठरलेलं. जाळीच्या आत दोनशे-अडीचशे मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल, खाटेखाली कुत्रं. म्हातारीने हाक मारून बसवलं. मालक म्हणून नव्हे, मी कोण ते तिला माहीतही नव्हतं. एकटा माणूस दिसला म्हणून. शेळीच्या दुधाचा चहा, गूळ घातलेला, ताटलीत ओतून पुढे केला आणि विचारलं, मुक्काम कोणाकडे?

मी गावाकडे पाहिलं. पिंपळाच्या मागे आमच्या वाड्याचं अर्धं छप्पर दिसत होतं. म्हटलं, मुक्काम नाही, साडेपाचच्या एसटीने परत. ती म्हणाली, ती गाडी आता येत नाही, फाट्यापर्यंत चालावं लागेल, अंधार पडेल. आणि सुनेला आणखी एक भाकरी टाकायला सांगितलं.